नऊ इंचांची पायरी

जानेवारी संपत आला की माझ्या दुकानात प्रोजेक्टवाली पोरं यायला लागतात. काही प्रिंट आणि बाइंडिंगला, काही मला प्रश्न विचारायला. बी.ए.च्या, एम.ए.च्या, समाजकार्याच्या मुलांना कुठल्या तरी सामाजिक विषयावर पाहणी करावी लागते आणि दरवर्षी दोघा-तिघांच्या वाट्याला ‘दिव्यांग उद्योजकांच्या समस्या’ हा विषय येतो. मग त्यांना दिव्यांग उद्योजक हवा असतो. सांगली जिल्ह्यातल्या विट्यात कॉलेजकडं जाणाऱ्या रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान, उजव्या पायात कॅलिपर, गल्ल्याला टेकवून ठेवलेली कुबडी. लांब शोधायला जावं लागत नाही.

गेल्या बारा वर्षांत असे किती फॉर्म भरून दिले त्याची मोजदाद नाही. मी दिलेली उत्तरं महिन्याभरात ब्लॅक बुकात, म्हणजे प्रोजेक्टच्या शेवटच्या अहवालात, शिरून बाइंडिंगला माझ्याच टेबलावर परत येतात. त्यात मी कधी ‘प्रतिसादक क्रमांक १४’ असतो, कधी ‘क्रमांक ३’. बाइंडिंग करता करता मी ते वाचतो. पानं उलटसुलट लागली नाहीत ना, हे बघावंच लागतं. पण त्याहून जास्त, आपल्याबद्दल काय लिहिलंय ते वाचावंसं वाटतं.

वाचून वाईट वाटतं ते एका गोष्टीचं. पहिल्या प्रकरणात अजूनही १९९५ चा कायदा आणि अपंगत्वाचे सात प्रकार येतात. २०१६ चा कायदा येऊन तो एप्रिल २०१७ पासून लागू झाला, सातांचे एकवीस प्रकार झाले, थॅलेसेमिया, सिकलसेल, अॅसिड हल्ल्यातले पीडित, ऑटिझम सगळे त्यात आले. पण जुन्या ब्लॅक बुकातलं पान नव्या ब्लॅक बुकात जसंच्या तसं उतरतं. लोकसंख्येचा आकडा तेवढा बरोबर असतो: २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख, त्यातले २९ लाख ६३ हजार आपल्या महाराष्ट्रात. त्या २९ लाखांत मी एक आहे. माझ्या दुकानात आलेला मुलगा माझ्यासमोर बसून हा आकडा टाईप करून घेतो, तेव्हा त्यानं एकदा मान वर करून माझ्याकडं बघावं असं फार वाटतं.

मी दोन वर्षांचा असताना, १९७४ साली, तापात पाय गेला. बारावीनंतर नोकरीसाठी बऱ्याच चकरा मारल्या. १९९४ मध्ये अपंगांना प्राधान्य होतं म्हणून एसटीडी-पीसीओ मिळाला. पिवळी पाटी, काचेची केबिन, लाल आकड्यांचा मीटर. आमच्या खानापूर तालुक्यातली गलाईवाली माणसं देशभर पसरलेली, केरळात, तामिळनाडूत, दिल्लीत, कोलकात्यात सोनं-चांदी गाळायच्या दुकानांवर. रात्री उशिरा दर पाव व्हायचा, त्यासाठी बायका पोरं कडेवर घेऊन रांगेत थांबायच्या. एक वहिनी यायच्या, मालक कोळिकोडला. त्या बोलताना नजर मीटरवरून हलवायच्या नाहीत. पन्नास रुपयांचा आकडा दिसला की शब्द अर्धा असला तरी फोन ठेवायच्या. मी त्या वेळी दुसरीकडं बघायचो. काचेच्या केबिनमधून आवाज येत नाही, पण खांदे दिसतात.

पुढं २००३ साली मोबाइलवर इनकमिंग फुकट झालं. सहा महिन्यांत रांग आटली. मोबाइलनं माझा पहिला धंदा घेतला, हे मी कुठल्याही फॉर्ममध्ये सांगू शकलो नाही, कारण तसा प्रश्नच नसतो. झेरॉक्स मशीनसाठी कर्ज काढायचं ठरवलं तर बँक पहिल्या मजल्यावर. पाच वेळा चढलो. पाचव्यांदा साहेबांनी विचारलं, ‘तुम्हाला झेपेल का?’ शेवटी मेव्हण्यानं जामीन राहून पतसंस्थेतून पैसे उभे केले. केबिनची काच काढून त्याच जागी मशीन बसवलं. तेव्हाचा लाकडी ड्रॉवर अजून आहे, त्याची गोष्ट पुढं येईल.

फॉर्ममध्ये काय असतं? ‘दिव्यांगत्वामुळे आपणास व्यवसायात अडचणी येतात का? होय / नाही / सांगता येत नाही.’ ‘शासकीय योजनांची माहिती आहे का?’ माहिती आहे हो. कायद्याच्या ३७ व्या कलमात व्यवसायासाठी सवलतीच्या दरानं जागा देताना पाच टक्के राखीव ठेवायचं म्हटलंय, तेही पाठ आहे. पण अर्ज केला होता का, कितीदा केला, त्याचं काय झालं, हे विचारायला फॉर्ममध्ये ओळ नसते. मी ‘होय’ म्हणतो, त्याची टक्केवारी निघते, आणि निष्कर्षात ‘प्रतिसादकांना योजनांची माहिती असल्याचे दिसून येते’ असं छापून येतं.

यंदा बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. एसटीनं येणारी, पाठीला सॅक, हातात फोन. ‘काका, पाच मिनिटं आहेत का? फॉर्म भरून घ्यायचाय.’ पंचवीस प्रश्न, फोनवरच. ती फोनमधूनच प्रश्न वाचत होती, आणि वरून सारखे मेसेज पडत होते. एक प्रश्न वाचायची, मेसेज सरकवायची, पुन्हा प्रश्न शोधायची. सातवा प्रश्न तिनं दोनदा वाचला. आठव्याला तिनं माझं उत्तर येण्याआधीच टिक केली.

मी म्हटलं, ‘बाळ, मी अजून काही बोललो नाही.’

ती इतकी ओशाळली की मलाच कसंसं झालं. मी रागावलो नव्हतो. माझ्याकडं बारा वर्षं असंच चाललंय, तिला पहिल्यांदा सांगितलं एवढंच. तिनं फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, ‘काका, लिहायला काही आहे का?’ मी पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढं केला. दुकानात पाठकोऱ्यांना तोटा नाही.

मग बोलता बोलता तिनं मेसेज कसले ते दाखवलं. वर्गाचा ग्रुप: सरांनी रात्री दहाला नोट्सची पीडीएफ टाकलेली. गावाकडच्या गाडीचा ग्रुप: चारची एसटी रद्द. भावाचा मेसेज: फोन सहापर्यंत घरी आण, मला लागणार आहे. म्हणजे फोन तिचा एकटीचाही नव्हता. आणि या सगळ्यांच्या मध्ये, एका मेसेजवरून दुसऱ्यावर जाताना, रील. पोरांचं लक्ष विचलित होतं म्हणून आपण ओरडतो, पण त्यांचा वर्ग, गाडी, घर आणि करमणूक आपणच एका खिडकीत कोंबून ठेवलीय. आमच्या पीसीओत निदान बोलायला आलेला माणूस बोलायलाच आलेला असायचा.

तिची मैत्रीण ‘विद्यार्थ्यांचे डिजिटल विचलन’ हा विषय करत होती. हा विषय आमच्याकडं दोन-तीन वर्षांपासून फार चालतो. शेजारच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही, मोबाइल बंद ठेवतात. त्यावर मी कमीत कमी दहा प्रोजेक्ट बांधले असतील. चांगलं काम आहे, मनापासून सांगतो. पण त्या दहांतल्या आठांत भोंग्याची बातमी आहे, त्या दीड तासात एखाद्या घरात पोरगं प्रत्यक्ष काय करतं हे कुणी बसून बघितल्याचं दिसत नाही.

या मैत्रिणीचाही फॉर्म तयार होता. ‘आपण दिवसातून किती तास मोबाइल वापरता?’ मी दोघींना समोर बसवलं, मशीन बंद केलं आणि मला जे वाटत होतं ते सांगितलं. माझं शिक्षण बारावी आहे, पण बांधलेल्या पुस्तकांतून काही गोष्टी डोक्यात राहतात. २०२३ च्या ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीच्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी होती. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. मग ‘किती तास वापरता’ विचारण्याआधी ‘फोन कुणाचा’ हे नको का विचारायला? दुसरं, अमेरिकेत २०१३ साली छापून आलेलं एक संशोधन. २६३ विद्यार्थ्यांना नुसते प्रश्न विचारले नाहीत. अभ्यासाला बसवलं आणि निरीक्षक पंधरा मिनिटं, दर मिनिटाला काय चाललंय ते लिहीत गेले. सहा मिनिटंसुद्धा सलग अभ्यास सरासरीनं टिकला नाही. हे त्या मुलांना फॉर्ममध्ये विचारलं असतं तर कुणी सांगितलं असतं?

माझ्या दुकानावरच अभ्यासिका आहे. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीवाली पोरं रात्री अकरापर्यंत बसतात. दोघींनी चालकांना विचारून, पोरांना सांगून, तीन संध्याकाळी तिथं बसायचं ठरवलं. पाठकोऱ्या कागदावर रेघा मारल्या आणि दर मिनिटाला एक खूण.

तिसऱ्या दिवशी खाली येऊन त्यांनी जे सांगितलं त्यातल्या दोन गोष्टी मनात राहिल्या. एक, फोन वाजला म्हणून हातात घेतला असं फार थोड्या वेळा झालं. बहुतेक वेळा फोन गप्पच होता. गणित अडलं, पान संपलं, उताऱ्यात अवघड शब्द आला की हात आपोआप फोनकडं जायचा. अवघड जागी बसून राहायचा कंटाळा म्हणा, भीती म्हणा. दुसरी गोष्ट एका मुलाची. त्यानं फॉर्ममध्ये ‘दोन तास’ लिहिलं होतं. मुलीनं विचारलं, दादा, फोन किती वापरला ते फोनच मोजतो, ते डिजिटल वेलबीइंग उघडून बघूया का? त्यानं स्वतःहून उघडलं. पाच तास चाळीस मिनिटं. तो बराच वेळ आकड्याकडं बघत राहिला. मग काही न बोलता फॉर्म परत मागून घेतला, ‘दोन’ खोडलं आणि ‘पाच’ लिहिलं. त्यातला बराच वेळ भरतीच्या क्लासचे व्हिडिओ बघण्यातही गेला होता, हे त्यानं खाली बारीक अक्षरात लिहिलं. मला वाटतं त्या बारीक अक्षरातल्या ओळीत पूर्ण प्रोजेक्ट आहे.

आता तो ड्रॉवर. टेक्सासमधला एक अभ्यास मी बांधलेल्या एका पुस्तकात होता, २०१७ चा. फोन टेबलावर आहे, खिशात आहे की दुसऱ्या खोलीत आहे, यावरून लक्षाच्या परीक्षेतले गुण बदलले. दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांचं सगळ्यात चांगलं आलं. नंतरच्या काही अभ्यासांत तसाच फरक आढळला नाही, हेही त्याच पुस्तकात होतं. तरी मी ते अभ्यासिकेतल्या पोरांना सांगितलं. तेव्हापासून चार-पाच जण वर जाताना फोन माझ्याकडं ठेवून जातात. पीसीओचे पैसे ज्या ड्रॉवरमध्ये असायचे त्यात आता चिठ्ठ्या लावलेले फोन असतात. रात्री ड्रॉवर घुर्र घुर्र करतो. एकदा एका फोनवर लागोपाठ तीन वेळा ‘आई’ आलं. मला आता जिना चढता येत नाही. रस्त्यावरच्या पोराला वर पिटाळलं, ‘अमक्याचा फोन आलाय, आईचा आहे म्हणावं.’ म्हणालो आणि अंगावर काटा आला. पंचवीस वर्षांपूर्वी कोळिकोडवरून फोन आला की असंच पोर पिटाळायचो.

फोन वाईट आहे असं माझ्या तोंडून कधी निघायचं नाही, ते आमच्या आप्पांमुळं. आप्पांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. एसटी स्टँडजवळ शेंगदाणे, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू विकतात. जुन्या नोटा त्यांना बोटांनी ओळखता यायच्या. नव्या आल्यावर घोटाळा झाला: शंभरची १४२ मिलिमीटर लांब, दोनशेची १४६, पाचशेची १५०. रुंदी तिन्हींची सारखीच. चार मिलिमीटर गर्दीत, थंडीत, घामट बोटांनी कसं ओळखायचं? त्या दिवसांत आप्पा रात्री घरी जाऊन नातवाकडून नोटा लावून घ्यायचे आणि कमी भरलं की गप्प बसायचे. १ जानेवारी २०२० ला रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ अॅप आलं. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते बोलतं, नेट लागत नाही. आणि आता तर साउंडबॉक्स. ‘वीस रुपये प्राप्त झाले’ ऐकल्याशिवाय आप्पा पुडी सोडत नाहीत. फोनवर टॉकबॅक चालू असतं, बोट फिरेल तिथं तो वाचून दाखवतो. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा त्यांचा फॉर्म भरायला गेला. प्रश्न होता: ‘आपण मोबाइलचा वापर मनोरंजनासाठी करता का?’ आप्पा म्हणाले, ‘डोळ्यासाठी करतो.’ तसा पर्याय नव्हता. त्यानं ‘सांगता येत नाही’वर टिक केली.

हे मला आप्पांनी सांगितलं तेव्हा ते हसत होते. मला हसू आलं नाही.

त्या पहिल्या मुलीकडं परत येतो. पाठकोऱ्या कागदावर लिहिणं सुरू झाल्यावर ती दुकानातच बसायला लागली. ‘काका, तुम्ही काम करा, मी बघते.’ हे मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनचाकीवरून एक जण यूडीआयडी कार्डाच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, अर्जाची प्रिंट घ्यायला आला. नेहमीचं गिऱ्हाईक. तो रस्त्यावरच थांबला, मी काउंटरवरून वाकून कागद घेतले, प्रिंट काढून परत वाकून दिली. उन्हात तो दहा मिनिटं थांबला. पावसाळ्यात कागद पिशवीत घालून देतो. मी स्वतः सकाळी शटरच्या पट्टीला धरून कुबडीवर भार देऊन वर चढतो, एकदा चढलो की दुपारच्या जेवणापर्यंत उतरत नाही.

तो गेल्यावर मुलगी म्हणाली, ‘काका, ते आत का येत नाहीत?’

मी पायरी दाखवली. हे सांगताना मला लाज वाटते, पण सांगतो. वीस वर्षं हे दुकान एका अपंग माणसाचं आहे आणि माझ्यासारखा दुसरा माणूस त्यात येऊ शकत नाही. माझ्यावर झालेल्या सगळ्या प्रोजेक्टांत ही पायरी कुठंही नाही. दोष एकट्या पोरांना कसा देऊ? मीही कधी सांगितली नाही.

तिनं बाइंडिंगची पट्टी घेऊन पायरी मोजली. नऊ इंच. रॅम्पला एकास बारा उतार लागतो, हे तिच्या नोट्समध्येच होतं. म्हणजे नऊ इंचाला नऊ फूट. दुकानासमोर गटारीपर्यंत जागा चार फूट दोन इंच. माझं उत्तर वर्षानुवर्षं हेच: जागा नाही. ती खाली रस्त्यावर जाऊन उभी राहिली, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाली, ‘काका, सरळ नाही बसत, पण भिंतीला धरून आडवा केला तर?’

दुकानाचं तोंड बारा फूट आहे. नऊ फूट उतार, वर तीन फूट सपाट जागा, रुंदी साडेतीन. बसतो. वीस वर्षं मी रोज त्या पायरीवरून चढलो आणि मला ते दिसलं नव्हतं.

जागामालकांशी बोललो. त्यांनी ‘पाडव्यानंतर बघू’ म्हटलंय, नाही म्हटलेलं नाही. सिमेंटचा नको, काढून ठेवता येईल असा लोखंडी करा म्हणाले. वेल्डर परवा माप घेऊन गेला, चेकर्ड प्लेट वापरली तर पावसात चाक घसरणार नाही म्हणतो. खर्च सांगितलाय, थोडा जड आहे, पण मे महिन्यात परीक्षांचा सीझन असतो, तेवढ्यात निघेल.

आणि त्या मुलीनं परवा विचारलं, ‘काका, सकाळी शटर किती वाजता उघडता?’ म्हटलं, साडेआठला. ती सव्वाआठला हजर होती. मी कुबडी भिंतीला लावली, आकडा शटरच्या कडीत घातला आणि जोर लावला. तिनं मदतीला हात पुढं केला, मग मागं घेतला, आणि खाली फुटपाथवर बसून लिहायला लागली. तिचं ब्लॅक बुक अजून बाइंडिंगला यायचं आहे.